रेकॉर्डमधलं पाखरू

आमच्या जळगावच्या घरात काकांच्या रेकॉर्डी माठांच्या तिवईखाली असत. मे महिन्यात इथे बंद कपाटातल्या वस्तूही हाताला चटका देतात. त्या आल्या त्याच उन्हाळ्यात एक रेकॉर्ड पापडासारखी वाकडी झाली, तेव्हा काकूने उरलेल्या सगळ्या गोणपाटात गुंडाळल्या आणि घरातल्या सर्वांत गार कोपऱ्यात, पाझर झेलणाऱ्या परातीपलीकडे, विटांवर उचलून ठेवल्या. त्यामुळे लहानपणी पाणी प्यायला वाकलं की मला गोणपाटाच्या फटीतून एक बाई दिसायची. तिच्या केसांत मोठं लाल फूल होतं, मागे धुराचा डोंगर होता आणि ती सरळ माझ्याकडे बघायची. पाणी पिऊन मी घाईने निघून जायची.

काका म्हणजे पप्पांचे धाकटे भाऊ. ते आधी वरणगावच्या कारखान्यात फिटर होते. तिथल्या वसाहतीत त्यांच्या शेजारी एक बंगाली बाबू राहत. त्यांच्याकडे हवाईयन गिटार होती, मांडीवर आडवी ठेवून, तारांवरून लोखंडी कांडी सरकवत वाजवायची. काका संध्याकाळी त्यांच्याकडे बसून ती शिकले. स्वतःसाठीही एक जुनी मिळवली. लग्नानंतर थोड्याच काळात त्यांना मालवाहू बोटीवर फिटरचं काम मिळालं. तापीचा पूर सोडला तर मोठं पाणी न पाहिलेल्या घरातला माणूस समुद्रावर गेला. पहिल्या फेरीवरून ते परत आले तेव्हा त्यांच्या ट्रंकेत ह्या रेकॉर्डी होत्या, कुठल्या कुठल्या बंदरांतल्या जुन्या बाजारातून घेतलेल्या. दुसऱ्या फेरीला जाताना गिटार सोबत नेली आणि रेकॉर्डी काकूजवळ ठेवल्या. काही महिने पत्रं आली. मग बोटीच्या कंपनीने कळवलं की ते एका बंदरात उतरले आणि बोट सुटायच्या वेळेला परत आले नाहीत. त्यापुढे कोणीच काही कळवलं नाही.

मी तेव्हा तिसरीत होते. घरात सगळे जण काकांबद्दल बोलताना क्रियापद जपून वापरू लागले, एवढं मला आठवतं. आबा, म्हणजे माझे आजोबा, "त्याला वांग्याचं भरीत आवडायचं" असं म्हणून थांबायचे आणि "आवडतं" असं दुरुस्त करायचे.

काकू मात्र काहीच म्हणत नसे. ती दिवेलागणीला देवापुढे दिवा लावायची, हात धुवायची, तिवईखालून एक रेकॉर्ड काढून पदराने पुसायची आणि रेकॉर्ड प्लेअरवर एक बाजू लावायची. एकच. ती संपली की रेकॉर्ड पुन्हा गोणपाटात जायची आणि काकू भाकरी थापायला बसायची. सणवार, पाहुणे, कोणाचं आजारपण, काहीही असलं तरी हे चुकत नसे.

"लागनं का तुन्हं भूत?" आबा ओट्यावरून ओरडायचे. ते त्या संगीताला भूतच म्हणत.

"लागलं, आबा," काकू आतून म्हणायची.

भूत म्हणण्यासारखं त्यात होतंही. आधी लाटांचा आवाज यायचा. मग खूप लांबून कोणी लाकडावर बोटं वाजवल्यासारखा ठेका, मग पातळ धातूच्या पट्ट्यांचा किणकिणाट, आणि त्या सगळ्यावरून गिटारचा सूर घसरत यायचा. तो कुठेच थेट पाय ठेवत नसे. एका सुरावरून निघायचा आणि दुसऱ्यापर्यंत पोचेपोचेतो वाटेतलं सगळं काही दाखवायचा. त्यातच आमच्याकडे दिवेलागणीला सगळ्या गल्लीतले दिवे एकदम लागले की व्होल्टेज उतरायचं. बल्ब पिवळा पडायचा आणि रेकॉर्डची चकती मंदावायची. सूर हळूहळू खाली बसत जायचा, जणू कोणी गिटार घेऊन पाण्यात उतरतंय. मग व्होल्टेज यायचं आणि तो पुन्हा वर यायचा. मी अभ्यासाचं पुस्तक मांडीवर घेऊन माठांपाशी बसलेली असायची आणि तो वर येईपर्यंत माझा श्वास अडकलेला असायचा.

मला ते का आवडत होतं, हे मला तेव्हा कोणी विचारलं असतं तर मी उठून गेले असते. मी तशीच होते. शाळा इंग्रजी माध्यमाची. तिथे मराठी बोललं की सिस्टर कपाळाला आठ्या घालायच्या, आणि घरी इंग्रजीचा एक शब्द निघाला तरी माहेरी आलेली आत्या तोंडाला पदर लावून हसायची. मग मी दोन्हीकडे कमी बोलू लागले. ह्या रेकॉर्डींत शब्द नव्हते. तिथे कोणालाच कुठली भाषा येत नव्हती. गाणं ऐकलं की ते कोणाचं, कशाचं, हे आपोआप कळतं आणि आपण बाहेर राहतो. ह्यात राहायला कोणीच नव्हतं, त्यामुळे मला जागा होती. जिथे मी कधी गेले नव्हते आणि जाणारही नव्हते, त्या जागेची मला आठवण यायची. ते कसं काय, हे मला आजही नीट सांगता येत नाही.

शाळेच्या नकाशांच्या पुस्तकात मी ती बेटं शोधली होती. पॅसिफिक महासागर पानाच्या दोन्ही कडांना अर्धा अर्धा कापलेला होता आणि बेटं म्हणजे निळ्यावर पडलेले शाईचे ठिपके. त्यातला एखादा ठिपका काकांचा असेल असं मला वाटायचं. कव्हरवरच्या बाईजवळ कुठेतरी ते गिटार मांडीवर घेऊन बसलेले असतील, आणि काकूला ते माहीत असेल.

एकदा काकूने कव्हर माझ्यापुढे धरलं. "मागे काय लिहिलंय ते वाच गं. एवढ्या फिया भरतो आपण तुझ्या."

मी वाचलं आणि मराठीत सांगितलं. ही रेकॉर्ड कुठल्याही बेटावर झालेली नव्हती. एका मोठ्या शहरात, बंद खोलीत काही माणसांनी ती वाजवली होती. लाटाही तिथेच केलेल्या. आणि त्यात जे पाखरू मधूनमधून ओरडतं, ते पाखरूच नव्हतं. वाजवणाऱ्यांपैकी एक माणूस तोंडाने तो आवाज काढत होता.

मला वाटलं, तिला वाईट वाटेल. मला तर वाटलंच होतं. पण ती हसली.

"मग? पाखरू असं ओरडतं का कुठे? त्याला दम लागतो."

"दम?"

"नीट ऐक." तिने सुई उचलून मागे ठेवली. पाखरू ओरडलं, उंच, लांब, तीनदा. मग जराशी फट आली. त्या फटीत, लाटेच्या आणि घरघरीच्या मागे, कोणीतरी श्वास आत ओढला. अगदी हलकेच. आणि पाखरू पुन्हा ओरडलं.

काकूने सुई उचलली.

"तो यांचा श्वास आहे, असं नाही मला वाटत," ती म्हणाली. "वेडी नाही मी. पण कोणाचा तरी आहे ना? तो माणूस आता कुठे असेल, आहे की नाही, कोणाला माहीत. आणि इथे बघ, रोज श्वास घेतोय."

त्यानंतर ती फट ऐकणं हे आम्हा दोघींचं झालं. बाकी कोणाला ते माहीत नाही, असं मी धरून चालले होते.

काकूचं सगळं तसंच अधांतरी होतं. गळ्यात मंगळसूत्र, हातात हिरव्या बांगड्या. पण हळदीकुंकवाला शेजारची बाई तिच्यापाशी आली की तिचं कुंकवाचं बोट कपाळापासून इंचभर थांबायचं, मग टेकायचं. काकू त्या वेळी डोळे मिटून घेई. सवाष्णीच्या ओटीला तिला बोलावायचं की नाही, यावर बायका आपसांत बोलायच्या आणि ती आली की विषय बदलायच्या. मी कोपऱ्यात बसून हे बघायची. जी मुलगी बोलत नाही, तिच्यासमोर लोक सगळं करतात.

एकदा पप्पा आम्हाला सगळ्यांना स्टेशनजवळच्या नव्या हॉटेलात घेऊन गेले. फॅमिली रूमच्या अख्ख्या भिंतीवर समुद्राचा कागद चिकटवलेला होता, मावळता सूर्य, वाकलेली नारळाची झाडं. कागदाचा एक कोपरा ओलीने सुटला होता. तिथे कॅसेट वाजत होती, सिनेमातल्या गाण्यांच्या चाली हवाईयन गिटारवर. त्या काळी अशा कॅसेटी सगळीकडे असत, लग्नाच्या हॉलमध्ये, दाताच्या डॉक्टरांकडे. काकूने डोशाचा तुकडा ताटलीत ठेवला आणि हात तसाच राहू दिला.

"विचार ना त्याला, कोणी वाजवलंय," ती माझ्या कानाशी म्हणाली.

वेटर तिथेच उभा होता. माझ्या तोंडातून शब्द निघेना. गाणं संपलं, कॅसेट उलटली गेली आणि नंतर भजनं लागली. काकू म्हणाली, "जाऊ दे. ते नव्हतेच. हा फार भरभर वाजवतो." म्हणजे तितका वेळ ती तेच तपासत होती. सबंध जळगावात जिथे जिथे ती गिटार वाजत असेल, तिथे तिथे ती हेच करत असणार.

मी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होते तेव्हा बारा वर्षं भरली. हरवलेल्या माणसाची बारा वर्षं वाट बघायची आणि मग त्याला गेलेल्यांत धरायचं, अशी आमच्याकडे रीत आहे. आबांनी ती वर्षं मनात मोजलेली होती. शिवाय त्या हिवाळ्यात त्यांना दम्याने धरलं होतं आणि ते पलंगावरून फारसे उठत नव्हते. आखाजीच्या आधी आठवडाभर त्यांनी पप्पांना आणि काकूला जवळ बोलावलं.

आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. खानदेशात त्या दिवशी सासरच्या मुली माहेरी येतात, कडुलिंबाला झोके बांधतात, आणि त्याच दिवशी घरातले गेलेलेही जेवायला येतात. त्यांच्यासाठी कुंभाराकडून कोरी घागर आणायची, पाण्याने भरायची, वर लोटी आणि लोटीवर खरबूज ठेवायचं. गोवरीचा निखारा फुलवून त्यावर तूप आणि पहिला घास टाकायचा. त्याला आगारी म्हणतात. आगारी टाकताना एकेकाचं नाव घ्यायचं. ज्याचं नाव निखाऱ्यावर घेतलं तो पितरांत गेला. नंतर तो परत आला तरी त्याला घरात कुठे बसवायचं, हे कोणाला ठाऊक नाही.

"यंदा त्याची घागर भरू," आबा म्हणाले. बापाने मुलाची घागर भरायची, ही उलटी गोष्ट बोलताना त्यांनी काकूकडे पाहिलं नाही. "मी जित्ता शे तवलगून व्हई जाऊ दे. तो तिकडे उपाशी असला तर?"

एवढं बोलून त्यांना धाप लागली. पप्पा त्यांची पाठ चोळत राहिले. काकू खाली बघत होती. घागर भरली की तिच्या कपाळावरचं, गळ्यातलं, हातातलं, सगळं त्याच्याबरोबर जाणार, हे तिथे बसलेल्या प्रत्येकाला कळत होतं. आणि नाही भरली तर म्हातारा माणूस मुलाला उपाशी ठेवून मरणार.

"भरा," काकू म्हणाली. "पण रेकॉर्ड लावून भरा."

"काय?" पप्पा म्हणाले.

"नाव घेऊन तुम्ही बोलवाल. मी कधी नाव घेतलं नाही. बायकोने घ्यायचं नसतं. मी बारा वर्षं त्यांना रेकॉर्ड लावून बोलावतेय. ज्या हाकेची सवय आहे, त्या हाकेला येतील ना."

मला तेव्हा कळलं की दिवेलागणीला आमच्या घरात इतकी वर्षं काय चाललं होतं. मी त्याला ऐकणं समजत होते.

आखाजीच्या आदल्या दिवशी धुळ्याकडून आत्या आली. आल्या आल्या तिने पिशवी टाकली आणि कान टवकारले. दिवेलागण झालेली होती.

"हाई काय रडी ऱ्हायनं वं, भावजई? मांजर दारमा सापडनी का?"

"गिटार आहे, अक्का."

"माहीत शे. मन्हा भाऊ वाजाडे तव्हय बी मी हाईच म्हने." ती हसत हसत बोलली आणि मग तिचं तोंड एकदम वाकडं झालं. ती माठाजवळ गेली, पाणी पिऊन तोंडावर मारलं आणि बराच वेळ तिकडेच उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून पुरण शिजत होतं. काकूने खापरावरचे मांडे करायला घेतले, आम्ही आंबे पिळले. माजघरात घागरी मांडल्या. जुन्या पितरांची एक आणि बाजूला एक नवी. नव्या घागरीवर खरबूज नीट बसत नव्हतं. आत्याने तीनदा ठेवलं, तीनदा ते कलंडलं. "पह्यलेपासूनच असा," ती पुटपुटली. शेवटी खाली सुताची चुंबळ करून बसवलं.

आबांना दोघांनी धरून पाटावर आणलं. मला काकूने डोळ्यांनी खूण केली. मी पाखराची रेकॉर्ड काढली, पुसली, सुई टेकवली. भर दुपारी ते संगीत मी कधीच ऐकलं नव्हतं. उन्हात त्या लाटा कोरड्या वाटत होत्या, कोणी धान्य पाखडावं तशा.

आबांनी आगारी टाकायला सुरुवात केली. पणजोबा, पणजी, आजी. प्रत्येक नावाला तूप पडायचं आणि निखारा भक्कन पेटायचा. मग त्यांनी नव्या घागरीसाठी घास घेतला. हात निखाऱ्यापर्यंत गेला. तोंड उघडलं. पण नाव येईना. दमा नव्हता तो. ते फक्त तसेच राहिले, तोंड उघडं, हातातून तूप ठिबकतंय. पप्पा पुढे सरकले, "मी घेतो नाव," म्हणाले, आणि त्यांनाही जमलं नाही. आम्ही सगळे निखाऱ्याकडे बघत होतो. तो राखेने पांढरा होऊ लागला होता.

मागे रेकॉर्डमधलं पाखरू ओरडलं. तीनदा. मग ती फट आली.

स्वयंपाकघराच्या दारात काकू उभी होती, हातांना पीठ. तिने श्वास आत ओढला. रेकॉर्डमधला श्वास आणि तिचा, कोणता आधी हे मला सांगता येणार नाही. आणि मग तिने त्यांचं नाव घेतलं. घरात ते नाव सगळ्यांनी घेतलेलं मी ऐकलं होतं, पण तिच्या आवाजात ते दुसऱ्याच कोणाचं वाटलं, मी न पाहिलेल्या एका तरुण माणसाचं.

"या जेवायला," ती म्हणाली.

रोज हाक मारायची सवय असल्यासारखी म्हणाली. रडणं नव्हतं त्यात. आबांच्या हातून घास पडला, निखाऱ्याने तूप धरलं आणि ज्वाळ उठली. आत्या मोठ्याने रडू लागली. आत खापरावर मांडा करपल्याचा वास आला आणि काकू तो काढायला गेली.

जेवणं झाल्यावर आत्या तिच्याजवळ जाऊन बसली. तिने काकूचा हात हातात घेतला, बांगड्यांकडे पाहिलं.

"ऱ्हाऊ दे ते," आबा पलंगावरून म्हणाले. आत्याने हात सोडला. मंगळसूत्र काकूने स्वतःच काढून देवाजवळ ठेवलेलं होतं. कधी, ते कोणी पाहिलं नाही.

बाहेर कडुलिंबाच्या झोक्यावर गल्लीतल्या बायका गाणी म्हणत होत्या. ऊन उतरलं, दिवे लागले, बल्ब पिवळा पडला. काकूने देवापुढे दिवा लावला, हात धुतले आणि सरळ चुलीपाशी जाऊन बसली. घरात सगळे आपापल्या जागी होते आणि कोणी काही करत नव्हतं. पप्पांच्या हातात वर्तमानपत्र होतं, ते उलटत नव्हते. माठातून पाणी पाझरून खालच्या परातीत ठिबकत होतं, ते पहिल्यांदाच ऐकू येत होतं.

"आज भूत नही लागनं?" आबा म्हणाले.

"आता कशाला, आबा?" काकू आतून म्हणाली. "येऊन जेवून गेले ते."

आबांनी पलंगावर कूस बदलली. मग म्हणाले, "मले ऐकनं शे."

काकूचे हात पिठात होते. तिने माझ्याकडे पाहून मान हलवली. मी तिवईखाली वाकले. गोणपाटाच्या फटीतून ती लाल फुलाची बाई माझ्याकडे बघत होती. मी रेकॉर्ड लावली. व्होल्टेज उतरलेलंच होतं. गिटारचा सूर खाली खाली बसत गेला आणि बऱ्याच वेळाने, हळूच वर आला. ओट्यावरून आरडाओरडा करणारे आबा डोळे मिटून पलंगावर पडले होते.

पाखरू ओरडलं. तीनदा. मग फट आली, आणि आबांनी उशीवरून मान किंचित उचलली, कान पुढे केला, आणि स्वतःचा धापेचा श्वास थोपवून धरला.